मदत हवी: १८९६ची मुंबई, एक पोरकी मुलगी आणि जादू (बालकादंबरीचा शेवट अडलाय)

काजवा:
नमस्कार मंडळी. खूप वर्षांनी धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिन हलवतीलच.

तर झालंय असं की गेली दोन वर्षं मी एक बालकादंबरी लिहितेय, वयोगट साधारण ९ ते १३. कारण अगदी घरगुती आहे. माझा लेक एकदा जेवताना म्हणाला, आई, पुस्तकातल्या अनाथ मुलांना जादू नेहमी विलायतेतच का येते गं, आपल्याकडच्या अनाथांना नुसती भूकच लागते का? मला हसू पण आलं आणि घास पण अडकला. त्या रात्रीच पहिलं पान लिहिलं.

गोष्ट थोडक्यात सांगते. १८९६ ची मुंबई. ओवी, वय दहा. आईबाप कोकणातून बोटीने गिरणीत कामाला आले आणि तापाने गेले, पोरीला एका म्हाताऱ्या गारुड्याने ठेवून घेतलं. त्याच्या खेळात ती मुलाचे कपडे घालून जमुरा होते. उस्तादाने 'जमुरे, बोल' म्हणायचं आणि हिने चादरीखालून उत्तरं द्यायची. त्यामुळे सगळी जादू तिला आतून माहितीये, टोपलीत तलवार खुपसतात तेव्हा अंग कुठल्या बाजूला चोरायचं, आंब्याची कोय पुरून पाच मिनिटात रोप येतं ते चादरीआड कोण कसं बदलतं, सगळं. थोडक्यात जादू बिदू काही नसते हे अख्ख्या मुंबईत सगळ्यात पक्कं जिला माहितीये अशी ही पोरगी.

आणि मग येतो जुलै. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएरवाल्यांचा हलत्या चित्रांचा खेळ झाला, तिकीट एक रुपया, म्हणजे ओवीचा प्रश्नच नाही. पण आठवड्याभरात तो खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेला आणि तिथे चार आण्याची पण जागा होती, तिथे ती घुसते. ल्युमिएर बंधूंची एक फिल्म होती भिंत पाडण्याची. ती झाली की हे लोक तीच उलटी फिरवून दाखवायचे, म्हणजे धुरळ्यातून भिंत आपोआप उठून उभी राहते. मुंबईत उलटी दाखवली का ते माझ्या कादंबरीपुरतं मी हो धरलंय. तर ती भिंत उभी राहताना बघते आणि त्या दिवसापासून तिच्या हातात 'उलटं' येतं. फुटलेलं मडकं जुळतं, सांडलेलं तेल परत दिव्यात जातं.

इथवर मस्त चाललं होतं. मग सप्टेंबर. मांडवीत प्लेग. आणि माझ्या पहिल्या खर्ड्यात ओवी सगळं बळ एकवटून प्लेगच उलटा फिरवते, शहर वाचतं, समाप्त. लेकाला वाचून दाखवलं, तो शांतपणे म्हणाला, मग सावित्रीबाई कशा गेल्या? आम्हाला शाळेत आहे, त्या प्लेगने गेल्या.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वही मिटली ती सहा महिने उघडली नाही. मधे एका प्रकाशकांना दाखवली तर ते म्हणाले जादू ठेवा, प्लेग काढा, मुलांना निगेटिव्ह नको. ते तर त्याहून पटलं नाही.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. शेवटाचं काय करू, त्या काळातल्या काय चुका दिसतायत, आणि मुळात असल्या खऱ्या दु:खाच्या काळात जादू घुसवावी का? बिनधास्त झोडा.

टवाळ बोका:
१८९६ मध्ये ओवी?? म्हणजे शेजारच्या खोलीत अर्णव आणि कियारा पण राहत असतील. दिवा घे (म्हणजे हलकेच घे).

काजवा:
घेतला :) मग नाव सुचव की.

टवाळ बोका:
गंगी, भागी, काशी, सगुणा, ठकी. मी तर म्हणतो ठकीच घे. लाकडी बाहुलीला पण ठकी म्हणायचे आणि गारुड्याची पोर म्हणजे लोकांना ठकवणारी, एका नावात दोन कामं. माझं मानधन एक प्लेट मिसळ.

काजवा:
ठकी!! फायनल. मिसळ उधार.

गिरणगावकर:
काजवाताई विषय एक नंबर. आमची चौथी पिढी लालबागेत, त्यामुळे गिरणीचं थोडं बोलतो. ठकीला जर गिरणीत दाखवायचं असेल तर दहा वर्षांची पोर चालते, १८९१ च्या कायद्याने नऊच्या खालच्यांना बंदी आणि नऊ ते चौदावाल्यांना दिवसाला सात तास. त्याच्या आधी १८८१ चा कायदा होता त्यात तर सात वर्षांपासून चालायचं, विचार करा, पहिलीतलं पोर. ही पोरं बहुतेक त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, सुताने भरलेली बाबीण (बॉबिन) काढायची, रिकामी लावायची. हात बारीक म्हणून. आमच्या पणजोबांचं असं सांगतात की ते झोपेत सुद्धा बोटं फिरवायचे. तुमच्या ठकीच्या हातात जादू येते ना, तर ती बोटं आधी गिरणीत तयार झालेली दाखवा, हातचलाखी तिला आपसूक येईल, उस्तादाने तिला का ठेवून घेतलं त्याचं पण उत्तर मिळतं. नाहीतर परकं पोर कोण सांभाळतंय फुकट.

आणि त्या वेळचं शहर नीट बघा हो. ट्राम घोड्याची, १८७४ पासून, विजेची आली १९०७ ला. रस्त्यावर गॅसचे दिवे. लोकल गाडी होती पण कोळशावरची, विजेवरची १९२५. तुम्ही लिहिताना कुठे बटण दाबून दिवा लावला असेल तर आत्ताच खोडा.

काजवा:
गिरणगावकर, तिसऱ्या प्रकरणात एक बटण होतं. खोडलं. बोटांचं तर काय सुंदर दिलंत!! थँक्यू थँक्यू.

विवेकी वेताळ:
मी विरोधी सूर लावणार, रागावू नये. मी वीस वर्षं अंनिसचं, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम करतो, शाळाशाळांतून चमत्कारांमागचं विज्ञान दाखवतो. आपल्या राज्यात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा यायला काय किंमत मोजावी लागली ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि आपण मुलांना सांगायचं की एका मुलीच्या हाताला सिद्धी आली आणि मेलेलं जिवंत झालं? परत साथीच्या काळात? कोविडमध्ये काढे, अंगारे, ताईत विकणारे कमी होते का? मला हे घातक वाटतं.

टवाळ बोका:
नाव वेताळ आणि काम अंनिसचं, तुम्हीच एक चालताबोलता चमत्कार आहात.

डब्लिनची दमयंती:
वेताळकाका, पण परीकथा ऐकून कोणी बुवाकडे जात नाही हो. मी इथे रविवारी मराठी शाळा घेते, बारा मुलं आहेत. त्यांना चेटकीण खरी नसते हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना कळत नाही ते आणा म्हणजे काय, चाळ म्हणजे काय. काजवा, प्लीज तळटीपा नको, गोष्टीतच कुठेतरी ठकीला सुट्टे मोजायला लाव, चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे माझं काम होईल. चार आणे जमवायला तिला किती खेळ करावे लागतात ते दाखव, मुलं आपोआप हिशोब करतील.

विवेकी वेताळ:
दमयंतीताई, मुद्दा मान्य, तरी माझा मुद्दा सोडत नाही. बाकी एक सांगतो. नारळाच्या शेंडीत सोडियमचा बारीक तुकडा दडवायचा, वर पाणी शिंपडायचं, शेंडी पेटते. मुलं किंचाळतात. मग मी सगळं उलगडून दाखवतो. मागे एका आश्रमशाळेत असंच उलगडून झाल्यावर पाचवीतली एक मुलगी पुढे आली, म्हणाली, सर कळलं, पण परत एकदा करा ना. खरं सांगायचं तर मी त्या दिवशी जरा गोंधळलो होतो. तुमची ठकी मला त्या मुलीसारखी वाटते. सगळं कळलेली, तरी परत बघायला मागणारी. तिची जादू लोकांना बरं करणारी नसेल तर माझा विरोध निम्मा समजा.

काजवा:
वेताळकाका, हे वाचून मी खरंच उठून एक चक्कर मारून आले. 'कळलं, पण परत करा ना' हे मी चोरणार आहे, आधीच सांगते.

शोभाआजी कल्याण:
नमस्कार. टायपिंग हळू आहे, चुका पोटात घाला. काजवा बाळा, तू ठकीला थेट साहेबाच्या खेळाला नेतेस, त्याच्या आधीचं आपलं घरचं कसं विसरलीस? आमच्या कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास शांबरिक खरोलिका सुरू केली होती. शंबर हा पुराणातला मायावी असुर, म्हणून शांबरिक म्हणजे मायेचं, आणि खरोलिका म्हणजे कंदील. मॅजिक लँटर्नला असं नाव दिलेलं अजून कुठल्या भाषेत असेल का ग? काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली रामायण महाभारतातली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा, एकाहून जास्त कंदील वापरून चित्र हलल्यासारखं दाखवायचे आणि सोबत निवेदन, गाणी, संवाद. म्हणजे आपले लोक पडद्याकडे बघत बसायला आधीच शिकले होते. त्यांच्या काही काचा पुण्याच्या फिल्म संग्रहालयात जपल्या आहेत.

आता माझी आठवण सांगते. ती पटवर्धनांची नव्हे, आमच्या मामाकडे माळ्यावर एक साधा पत्र्याचा विलायती कंदील होता, रॉकेलवर चालणारा. दिवाळीत मामा तो काढायचा. काच घालताना उलटी घालावी लागते, डोकं खाली पाय वर, तेव्हा भिंतीवर चित्र सुलट पडतं. काच उजेडाला धरली की कुंचल्याचे फटकारे दिसायचे, मारुतीच्या शेपटीवर कुणाचा तरी अंगठा उठला होता. आणि चित्राभोवतीचं सगळं काळं रंगवलेलं, म्हणजे अंधारात नुसता मारुती तरंगतो. एकदा मामाने गडबडीत काच सुलटी घातली तर मारुतीराया भिंतीवर खाली डोकं वर पाय, आजी म्हणाली अरे त्याला उतरव, रक्त डोक्यात जाईल त्याच्या. पत्रा तापला की खोबरेल करपल्यासारखा वास यायचा आणि सगळ्या पोरांची नाकं काजळीने काळी. तुझ्या ठकीला कल्याणला ने आधी. काचा पुसायचं काम दे तिला.

काजवा:
आजी तुम्ही कुठे होतात इतके दिवस. उलटी घातली की सुलट दिसतं!!! माझी 'उलटं'वाली जादू जन्मली कुठे ते आत्ता मला कळलं, मी तिला उगाच नॉव्हेल्टीत शोधत होते. आणि पत्र्याचा वास. आणि अंगठा. तो अंगठा ठकीच्या आईचा असू शकतो का, काचा रंगवणाऱ्यांकडे ती कामाला होती असं केलं तर? (मोठ्याने विचार करतेय, इग्नोर करा.)

गिरणगावकर:
इग्नोर नाही. आई गिरणीत होती ना पण? एक काहीतरी ठरवा.

काजवा:
बाप गिरणीत, आई कल्याणला. बोटीवरून उतरल्यावर दोघांची पांगापांग. बघते जमतं का.

राधाक्का:
मी जरा कडू बोलणार. दहा वर्षांची कोकणातली मुलगी गारुड्याने ठेवून घेतली, इतकं सोप्पं? गारुडी भटका, त्यातून तुम्ही त्याला उस्ताद म्हणताय म्हणजे बहुतेक मुसलमान. १८९३ ला मुंबईत मोठी दंगल झालेली, त्याला तीनच वर्षं झाली होती. चाळीतल्या बायका काय म्हणाल्या? पोर कोणाच्या हातचं खाते? पाणी कुठून भरते? हे काढून टाकलंत तर ती १८९६ ची मुंबई नाही, फॅन्सी ड्रेस आहे. मुलांना कळतं हो, शाळेत डबा कोणाबरोबर खायचा याच्या भानगडी अजून आहेत.

दुसरं, अनाथ हा शब्द जपून वापरा. १८९६ लाच धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला पण त्यात मुख्यत: विधवा मुली होत्या, म्हणजे नवरा गेला की बाई अनाथ असा त्या शब्दाचा अर्थ होता. पंढरपूरला टाकलेल्या मुलांसाठी आश्रम १८७५ पासून आहे. तुमच्या ठकीला लोक अनाथ म्हणणार नाहीत, पोरकी म्हणतील, नाहीतर सरळ तोंडावर 'आईबापांना खाल्लेली' म्हणतील. हा शब्द घाला. टोचू दे.

काजवा:
राधाक्का, मी हे टाळत होते, कबूल करते. डोक्यात होतं की मुलांचं पुस्तक आहे, जाऊ दे. पण तुम्ही म्हणता तसं पाणी कुठून भरते एवढ्या एका प्रश्नावर एक अख्खं प्रकरण उभं राहतंय. उस्ताद मुसलमानच आहे आणि ठेवतेय तसाच.

मालवणी खाजा:
आणि तिका मालवणी बोलूक दी गो बाय. आवस हाक मारताना 'खंय गेल्लंस गो चेडवा' म्हणतली, 'कुठे गेली होतीस बाळ' नाय. एवढाच सांगूचा होता.

निपाणीची सई:
मला वाटतं शेवट असा करा की ठकी पुण्याला जाते आणि सावित्रीबाईंना मदत करते. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या चालल्या होत्या ना, ठकी जादूने त्यांचं ओझं हलकं करते. त्या जातातच, पण मूल वाचतं, इतिहास पण बदलत नाही. मुलीला पण समाधान. कसं वाटतंय?

मास्तर:
सईताई, भावना समजली पण मनापासून विरोध. इतिहास शिकवतो म्हणून थोडं सविस्तर, लांबलं तर क्षमस्व.

यशवंतरावांनी, म्हणजे सावित्रीबाईंच्या दत्तक मुलाने, पुण्याबाहेर ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्या पाठीवर घेऊन तिथे आल्या, त्यातून त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. वय साठीच्या पुढे. आता बघा, त्यांच्याकडे काय होतं? लस नव्हती. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून स्वत:ला टोचून घेतली ती १० जानेवारीला, म्हणजे जेमतेम दोन महिने आधी. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी मांडलं १८९८ ला. म्हणजे त्या बाईला रोग कसा लागतो ते सुद्धा माहीत नव्हतं, फक्त लागतो एवढं माहीत होतं, आणि तरी पोर पाठीवर घेतलं. तुम्ही त्यांच्या शेजारी जादूवाली मुलगी उभी केलीत आणि ओझं हलकं केलंत की ते कृत्यच त्यांच्याकडून काढून घेतलंत. ओझं जड होतं हीच तर गोष्ट आहे. त्यांना पानावर आणूच नका काजवाताई. बातमी येऊ दे फक्त.

प्लेग मात्र काढू नका, त्या प्रकाशकांना नमस्कार सांगा. मुलांना धरून ठेवतील अशा गोष्टी त्यात आहेत. डॉ. व्हिएगसनी मांडवीत निदान केलं तेव्हा आधी लोकांचा विश्वास बसला नाही. ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेला, कारण तिथे नेलं की माणूस परत येत नाही अशी दहशत. घरात ऊन यावं म्हणून छपराची कौलं काढायचे. आणि घरात माणूस दगावलं की दाराजवळ भिंतीवर गोल काढायचे, एका मृत्यूला एक गोल. त्या काळच्या फोटोत अशा भिंती दिसतात, पाच सहा गोल एका ओळीत. एका मुलीच्या नजरेने ते गोल बघा.

निपाणीची सई:
मास्तर, पटलं. मागे घेते.

शोभाआजी कल्याण:
कंदिलाचा उजेड पण भिंतीवर गोलच पडतो.

काजवा:
आजी... (आज एवढंच. उद्या येते.)

टवाळ बोका:
धागा वर काढतोय. काजवाताई चार दिवस गायब, उलटी फिरून जूनमध्ये गेली की काय.

विवेकी वेताळ:
मधल्या काळात मी माझा निम्मा विरोध परत तपासला. प्लेग बरा करायचा नाही हे ठरलंय असं दिसतं. मग जादू करणार काय? मडकी जोडायला एवढी कादंबरी?

पेंडुलम:
वाचनमात्र होतो, पण वेताळांच्या प्रश्नाने राहवेना. मला जुन्या घड्याळांचा नाद आहे. तेव्हाच्या मुंबईत एक गंमत होती. शहराची वेळ वेगळी आणि रेल्वेची वेळ वेगळी. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं, आणि रेल्वे चालायची मद्रास वेळेवर, ती ५ तास २१ मिनिटं. बरोब्बर अर्ध्या तासाचा फरक. मधे १८८१ ला सरकारने अख्ख्या शहरावर मद्रास वेळ लादून बघितली, लोक ऐकेनात, दोनेक वर्षात गुंडाळावं लागलं. मग राजाबाई टॉवर मुंबई वेळेने ठोके देतोय आणि तिथून पंधरावीस मिनिटं चालत बोरीबंदरला (आत्ताचं सीएसएमटी) गेलं की स्टेशनातलं घड्याळ अर्धा तास पुढे. आत्ताची प्रमाणवेळ आली १९०६ ला आणि मुंबई महापालिका तरी हट्टाने १९५५ पर्यंत मुंबई वेळ धरून बसली होती.

काजवाताई, तो अर्धा तास कुणाचाच नाही. साहेबाचा नाही, शहराचा नाही. तो ठकीचा असू शकतो.

गिरणगावकर:
आयला.

डब्लिनची दमयंती:
अंगावर काटा. हे मला मुंबईत जन्म घेऊन माहीत नव्हतं.

टवाळ बोका:
माझे आजोबा लग्नाला नेहमी अर्धा तास उशिरा पोचायचे ते मुंबई वेळेनेच जात असणार. उगाच शिव्या खाल्ल्या बिचाऱ्यांनी.

काजवा:
पेंडुलम तुम्हाला साष्टांग. दोन दिवस झोप नाही. थांबा, मोठ्याने मांडते, कुठे चुकलं तर पकडा. स्टेशनात साडेसहा वाजलेत तेव्हा शहरात सहा. म्हणजे जो स्टेशनातून बाहेर पडतो त्याच्या हाती अर्धा तास येतो आणि जो आत जातो त्याचा अर्धा तास जातो. सगळ्यांच्याच बाबतीत होतं पण कुणाला जाणवत नाही, कारण कुणी थांबत नाही. ठकी थांबते. तिला उलटी काच लावायची सवय आहे म्हणून तिला ती फट दिसते. पण जो अर्धा तास घेतला तो परत आत जाऊन फेडावा लागतो, फुकट काही नाही. बरोबर?

पेंडुलम:
बरोबर. आणि फेडला नाही तर?

काजवा:
तर तो दुसऱ्या कुणाचा तरी जातो. हे तिला उशिरा कळतं.

विवेकी वेताळ:
हे मला आवडलं. साथ थांबत नाही, माणूस बरा होत नाही, फक्त अर्धा तास. विरोध पाव झाला.

राधाक्का:
अर्ध्या तासात ती करणार काय ते सांगा. शहर सोडून पळणारे लाखभर लोक, स्टेशनात डॉक्टर बगला चाचपून गाठी तपासतायत, बायकांना परका पुरुष हात लावतोय म्हणून आरडाओरडा, आणि ही पोर फट शोधत फिरतेय. काहीतरी ठाम हवं. नुसतं धुकं नको.

काजवा:
उस्ताद. उस्तादाला गाठ येते. ती अर्धा तास त्याच्यासाठी घेते. बरं करायला नाही हो राधाक्का, ते जमत नाहीच, ती आधी तसा प्रयत्न करते आणि सपशेल फसते. नंतर घेते. कच्चं लिहिलंय, बघा:

'उस्तादाचं अंग तव्यासारखं झालं होतं. ठकीने खिडकी उघडली. टॉवरचे ठोके पडायला लागले आणि मधेच थांबले, चौथा पडला, पाचवा पडलाच नाही. खालच्या रस्त्यावर ट्रामचा घोडा एक पाय उचलून तसाच उभा. जमुरे, उस्ताद म्हणाला, आवाज अगदी खेळातला. हां उस्ताद. लोकांना काय दाखवशील? ठकीने झोळी ओढली. चादर अंथरली. कोय ठेवली, माती सारली, पाणी शिंपडलं. तिला सगळं ठाऊक होतं, रोप कुठून येणार, कुठल्या बोटाने सरकवायचं. हात तिचेच होते. तरी चादर उचलताना तिने डोळे मिटून घेतले. उस्ताद हसला. कळलंय मला सगळं, तो म्हणाला, पण परत कर.'

शोभाआजी कल्याण:
पदर लावला डोळ्याला.

विवेकी वेताळ:
माझं वाक्य उस्तादाच्या तोंडी. बरं. विरोध मागे.

मास्तर:
सुंदर. कौलं काढलेल्या छपरातून उजेड येतोय असं करता आलं तर बघा, खिडकीपेक्षा ते त्या काळाचं होईल. आणि चादरीवर तो उजेड गोल पडू दे.

मालवणी खाजा:
'हां उस्ताद' ठीक हा. पण रडताना ती मालवणीतच रडतली हां.

काजवा:
मास्तर, छप्पर, गोल, दोन्ही घेतलं. खाजा, हो रे बाबा, रडताना मालवणी.

गिरणगावकर:
सगळं झकास. एक बारीक शंका. उस्ताद आजारी पडतो ऑक्टोबरात ना, हॉस्पिटलवर जमाव जातो त्याच सुमाराला? मग ताजी आंब्याची कोय आणली कुठून?

काजवा:
अरे देवा. खरंच की.

टवाळ बोका:
गारुडी मे महिन्यातच कोयी सुकवून झोळीत टाकून ठेवतात हो गिरणगावकर, वर्षभराचा धंदा आहे तो. आमच्या शेजारी एक होते, त्यांच्या अंगणात पत्र्यावर कोयी वाळत पडलेल्या असायच्या आणि मांजरं त्या पळवायची. मिसळ आता दोन प्लेट.